घरचा चिन्नोर डॉट कॉम

आमच्या घरात फोन एकच होता. बैठकीच्या खोलीत, बाबांच्या खुर्चीला लागून असलेल्या स्टुलावर, आईनं विणलेल्या रुमालाखाली तो असायचा. त्याच फोनच्या तारेतून पुढे आमच्याकडे इंटरनेट आलं. आधी नंबर फिरल्याचे बारीक आवाज, मग लांब शिटी, मग पत्र्यावर कोणी रेती घासावी तशी खरखर, आणि मग एकदम सगळं गप्प. ते गप्प झालं की इंटरनेट लागलं असं समजायचं, आणि ते लागलेलं आहे तोवर फोन काही कामाचा नाही हेही समजायचं. आई स्वयंपाकघरातून तो आवाज ऐकायची आणि म्हणायची, झाला मुका. आता माझ्या घरात जिकडे तिकडे इंटरनेट आहे, भिंतीतून येतं, आवाज करत नाही, कोणाचा फोन अडवत नाही. तरी कुठे तशी खरखर कानावर आली, म्हणजे मिक्सर बिघडला किंवा रेडिओ दोन स्टेशनांच्या मध्ये अडकला, की मला बसून राहावंसं वाटतं.

मी तेव्हा पीजीडीसीएचा, म्हणजे कॉम्प्युटरच्या डिप्लोमाचा, क्लास करत होते. मध्य प्रदेशातल्या आमच्या बालाघाटात त्या वर्षांत ज्याला त्याला तोच कोर्स करायचा होता, सरकारी नोकरीच्या जाहिरातीत त्याचं नाव येऊ लागलं होतं म्हणून. क्लासात मशीन थोड्या आणि आम्ही फार, त्यामुळे इंटरनेट आम्ही पाहिलं कमी आणि पाठ जास्त केलं. डोमेन नेम म्हणजे काय, सर्व्हर म्हणजे काय, होस्टिंग आणि अपलोड यांत फरक काय, हे सगळं सर हिंदीत लिहून देत आणि आम्ही घोकत असू. संध्याकाळी घरी आले की बाबा विचारायचे, आज काय शिकवलं. ते राजस्व निरीक्षक म्हणून नुकतेच रिटायर झाले होते. साऱ्या नोकरीत लोकांच्या जमिनीचे नकाशे आणि खसरे, म्हणजे मालकीच्या नोंदी, बघितलेला माणूस, रिकामा बसल्यावर नुसता सुकत चालला होता. चहा घेऊन खुर्चीत बसायचे, पेपर उलटासुलटा वाचायचे, दुपारी झोपायचे आणि झोपून उठल्यावर जास्तच दमलेले दिसायचे. आईची त्यावर एकच तक्रार होती की यांना काहीतरी काम काढून द्या.

काम आत्यामुळे निघालं. बाबांची मोठी बहीण, ते तिला बाई म्हणत, किरनापूरला राहायची. नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही, सासरची थोडी जमीन तिच्या वाट्याला आलेली. बाबा लहान असताना त्यांची आई गेली, तेव्हा आत्यानंच त्यांना शिकायला आपल्याकडे ठेवून घेतलं होतं. ती चिन्नोर लावायची. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते, हा आमच्याकडचा बारीक, वासाचा तांदूळ. एका घरी शिजला की शेजारच्या घरी कळतो. पण तो उशिरा येतो, कमी येतो, आणि वाऱ्यानं आडवा पडतो, म्हणून लोक तो सोडून दुसरे वाण लावू लागले होते. आत्या सोडत नव्हती. दर हिवाळ्यात तिचं पोतं बसच्या टपावरून यायचं. आई ते कोठीत ओतून वर कडुनिंबाचा पाला घालायची. त्या दिवशी लाखोळीची डाळ आणि चिन्नोरचा भात, बाकी काही नाही, आणि जेवताना कोणी बोलायचं नाही.

त्या हिवाळ्यात आत्या स्वतः पोत्याबरोबर आली. गावात व्यापारी भाव देत नाही, जाड्या तांदळात मिसळून टाकतो, असं सांगत होती. रागानं नाही, थकून. म्हणाली, पुढच्या साली मीही लावणार नाही, हात चालत नाहीत आणि कोणी विचारत नाही. बाबा ऐकत राहिले. ती गेल्यावर रात्रीच्या जेवणाला त्यांनी मला विचारलं, ते वेबसाइट म्हणतात त्यावर तांदूळ विकता येतो काय.

अशी सुरुवात झाली. कॉम्प्युटर घरात आला तो माझ्या अभ्यासाच्या नावावर, पण त्याच्यासमोर जास्त बसले ते बाबा. मला जे पाठ होतं ते त्यांना समजून हवं होतं, आणि तिथे माझी दमछाक व्हायची. नाव वेगळं घ्यायचं आणि जागा वेगळी घ्यायची, हे त्यांना पटेना. मी म्हणायचे, बाबा, डोमेन म्हणजे नुसतं नाव, साइटची पानं राहतात ती होस्टिंगच्या जागेत, दुसऱ्याच्या मशीनवर. त्यांनी छताकडे पाहिलं आणि म्हणाले, "म्हणजे खसऱ्यात नाव चढलं, पण कब्जा दुसरीकडे." मी म्हटलं, हौ, तसंच. मग त्यांना ते नाव विकत का मिळत नाही हे कळेना. वर्षावर्षानं घ्यायचं आणि मुदत संपायच्या आत पुन्हा घ्यायचं, नाही तर गेलं, हे ऐकून ते म्हणाले, मग हा पट्टा झाला, मालकी नाही. आणि त्यांचं बरोबरच होतं. आमच्या सरांनी लिहून दिलेल्या व्याख्येत मालक असा शब्द होता, तो चुकीचा होता, हे मला बाबांमुळे कळलं.

नाव काय घ्यायचं यात पुष्कळ दिवस गेले. बाबांना नुसतं चिन्नोर हवं होतं, पण नागपूरला जो माणूस नाव नोंदवून द्यायचा त्यानं कळवलं की तसली सोपी नावं कोणी ना कोणी घेऊन ठेवलेली असतात, तुम्ही दोन शब्द जोडा. मध्ये जागा सोडता येत नाही, मराठी अक्षर चालत नाही, सगळं इंग्रजी लिपीत आणि एकसंध. बाबांनी घरचा चिन्नोर असं जोडलं. आई भाजी निवडत होती. ती म्हणाली, इथे सगळे हिंदी बोलतात, घरचा कोणाला कळणार, घरका करा. बाबांनी मान वर न करता सांगितलं, ज्याले कळायचं त्याले कळन. एवढ्यावर नाव ठरलं. ते नोंदवलं गेल्याचा मेल आला तेव्हा त्यांनी तो मला मोठ्यानं वाचायला लावला, जमीन नावावर चढल्याचा, नामांतरणाचा आदेश वाचतात तसा. त्या दिवशी ते दुपारी झोपले नाहीत.

पानं मी बांधली, क्लासात शिकले होते तेवढ्यावर. एक पान तांदळाचं, एक पान तो कसा शिजवायचा त्याचं, हे आईनं सांगितलं आणि बाबांनी दोन बोटांनी टाइप केलं. आणि एक फोटो, खळ्यावर सूप घेऊन उभ्या असलेल्या आत्याचा, ज्यात तिचा चेहरा उन्हामुळे दिसतच नाही. खाली आमचा फोन नंबर. हे सगळं आमच्या मशीनवर छान दिसायचं, पण ते आमच्याच मशीनवर होतं. जगाला दिसायला ते नागपूरच्या माणसानं दिलेल्या जागेत चढवायचं होतं, आणि नावानं त्या जागेकडे बोट दाखवायला हवं होतं. ते बोट दाखवणं त्यानं करून दिलं. म्हणाला, एक-दोन दिवसांत नाव सगळीकडे पोचेल, तोवर तुम्ही पानं चढवून ठेवा.

मी हे लिहायला बसले तेव्हा वाटलं होतं की त्या दिवसापर्यंत पोचायला जास्त पानं लागतील. तो दिवस इतका साधा होता. मी जेवून क्लासला गेले. बाबांनी आंघोळ करून, देवाला फूल वाहून इंटरनेट लावलं. लहान पानं गेली, फोटो जाईना. अर्धा गेला की लाइन तुटायची, आणि तुटली की पुन्हा पहिल्यापासून. आईनं मला नंतर सांगितलं की तिनं दोनदा म्हटलं, जरा ठेवा तो फोन, माझ्या ताईला एक फोन करायचा आहे. बाबा म्हणाले, थोडंच राह्यलं. त्यांच्यापुढचा भात गार झाला, तो तिनं झाकून ठेवला. मी परत आले तेव्हाही ते तिथेच होते, चष्मा कपाळावर, डोळे लाल. मी शेजारी बसले. ऊन उतरल्यावर कधीतरी फोटो गेला, पूर्ण गेला. आम्ही नाव टाइप केलं आणि वाट पाहिली. आधी निळी पट्टी आली, मग आईचा भात शिजवायचा मजकूर, आणि मग वरून खाली, हळूहळू, सूप आलं, पदर आला, खळं आलं. आई दारात उभी राहून पाहत होती, ओल्या हातांनी. बाबांनी खुर्ची मागे सरकवली आणि हात मांडीवर ठेवले. इतक्या दिवसांत मी त्यांना असं आरामात बसलेलं पाहिलं नव्हतं.

लाइन बंद केली नव्हतीच, तेवढ्यात फाटकाशी मोटरसायकल थांबली. किरनापूरला आत्याच्या शेजारी बिसेन कुटुंब राहायचं. त्यांचं किराणा दुकान, त्यातच पीसीओ, म्हणजे पैसे देऊन करायचा गावाचा फोन. आलेला होता तो बिसेन भाऊंचा धाकटा भाऊ, स्वेटरवर धूळ बसलेली. आत आला, पाणी घेतलं नाही. आमच्याशी हिंदीतच बोलायचा. म्हणाला, "काका, सुबह से फोन लगा रहे हैं. दिन भर एंगेज. हमने सोचा घर में ही हो, अभी रखोगे." आत्याला आठवडाभर ताप होता, ते आम्हाला ठाऊक होतं. बाबा रविवारी जाणारच होते. सकाळी तिला श्वास लागला, डॉक्टर येऊन गेला आणि नातेवाइकांना बोलवा म्हणाला. फोन नुसता वाजत राहिला असता तर त्यांनी ताबडतोब माणूस पाठवला असता. पण एंगेजचा आवाज येत होता म्हणजे घरी माणसं आहेत, बोलत आहेत, दहा मिनिटांनी ठेवतील. असं करत करत ते दुपारपर्यंत थांबले, आणि दुपारनंतर अजून थोडे थांबले. या हिशोबात मला आजही कोणाची चूक दाखवता येत नाही, आणि म्हणूनच बहुधा तो मनातून जात नाही.

बाबा होते त्याच कपड्यांत त्याच्या मागे बसून गेले. आईनं मागून शाल फेकली, ती त्यांनी धरली पण पांघरली नाही. आई आणि मी शेजारच्यांच्या जीपनं निघालो. निघताना घर बंद करायला म्हणून मी बैठकीत गेले तर पडद्यावर आत्या तशीच उभी होती. मी तार काढली.

आम्ही पोचलो तेव्हा अंगणात लोक बसलेले होते, आणि त्यावरून कळलं. बाबा पोचले त्याच्या थोडं आधीच ती गेली होती. ते तिच्या खाटेच्या पायथ्याशी बसले होते, शाल मांडीवर. बिसेन वहिनी दिवसभर आत्याजवळ होत्या. त्या किरनापूरच्याच, आत्याशी बोलून बोलून आमची बोली त्यांच्या तोंडात बसली होती. त्यांनी आईला मागच्या पडवीत नेऊन सांगितलं आणि मी ते ऐकलं. आत्या दुपारपासून एकच विचारत होती, वसंता निघाला काय. वसंता म्हणजे बाबा. पहिल्या वेळी बिसेनांच्या घरच्यांनी सांगितलं, फोन लागून नाही राह्यला. तिचा जीव घाबरला. म्हणून मग यांनी सांगायला सुरुवात केली की निघाला. "दरवेळी विचारे, आम्ही म्हणो, हौ, निघाला बाई, येऊन राह्यला. मग ती डोळे मिटे." वहिनी रडत होत्या. त्यांना वाटत होतं त्यांनी मरणाऱ्या माणसाला फसवलं.

हे बाबांना सांगायचं की नाही, यावर आईनं किती विचार केला ते मला माहीत नाही. तेरवी झाल्यावर, घरी परत आल्यावर, तिनं सांगितलं. आम्ही तिघं जेवत होतो. बाबांनी घास हातातच ठेवला आणि म्हणाले, "बरं केलं त्यायनं. खोटं सांगितलं ते बरं केलं." मग तो घास खाल्ला. त्या विषयावर त्यांच्या तोंडून मी ऐकलेलं एवढंच.

त्यानंतरचे महिने आठवताना मला फक्त थकवा आठवतो. भांडण नाही, रडणं नाही, कोणी कोणाला काही म्हटलं नाही. कॉम्प्युटरवर आईनं जुन्या साडीचा तुकडा घातला होता, तो बाबांनी उचलला नाही. मी सायबर कॅफेत जाऊन अभ्यास करू लागले. मात्र बाबांना एक सवय लागली. बैठकीतून जाताना ते रिसीव्हर उचलून कानाला लावायचे, टोन आहे ना बघायचे आणि ठेवायचे. दिवसातून किती वेळा, ते आईनं मोजायचं सोडून दिलं. आत्याची जमीन तिच्या दिरांच्या मुलांच्या नावावर चढली. बाबांनीच जाऊन कागद बघून दिले, त्यांना ते काम डोळे मिटून येत होतं. त्या मुलांनी पहिल्याच पावसाळ्यात तिथे भरपूर येणारा वाण लावला. त्यांचंही चुकलं नाही, त्यांना पोरंबाळं होती.

साइट मात्र चालू होती. ती कोणी बंद केली नव्हती म्हणून चालू होती. मी कॅफेतून मेल उघडायचे, तर कधीमधी कोणी विचारलेलं असायचं, कुठल्या कुठल्या शहरांतली माणसं, चिन्नोर मिळेल का, कसा पाठवाल. मी ते छापून आणून बाबांना द्यायचे. ते वाचायचे, घडी घालून खिशात ठेवायचे. उत्तर काय द्यायचं विचारलं की म्हणायचे, नाही म्हणून लिही. मी लिहायचे, या वर्षी तांदूळ उपलब्ध नाही. पुढच्या वर्षीही नसणार हे लिहायला माझा हात धजत नसे.

मग एक दिवस, पाऊस संपून उकाडा सुरू झालेला, एक गृहस्थ दारात आले. गोंदियाहून आले होते, राजेगाववरून येणाऱ्या बसनं, हातात कापडी पिशवी. वय बाबांएवढंच. म्हणाले, मुलगा पुण्यात असतो, त्यानं तुमची वेबसाइट पाहून फोन नंबर दिला. फोन केला तर लागेना, म्हणून स्वतःच आलो. आमचा फोन त्या दिवशी खरंच बंद होता, कुठेतरी खोदकामात तार तुटली होती. बाबांनी त्यांना बसवलं आणि पंखा लावला. सांगू लागले की तांदूळ आता नाही, ज्या बाईचा होता ती राहिली नाही. ते गृहस्थ ऐकून घेत मान हलवत होते. उठताना म्हणाले, काही हरकत नाही. माझी बायको लांजीकडची, तुमच्याच जिल्ह्यातली, बरेच दिवस अंथरुणाला आहे, तोंडाला चव नाही, काहीच जात नाही पोटात. परवा आपणहून म्हणाली, चिन्नोरचा भात असता तर खाल्ला असता. म्हणून म्हटलं बघून यावं.

बाबांनी आईला हाक मारली आणि विचारलं, "कोठीत बाईचा किती आहे?" आई म्हणाली, तळाला आहे थोडा, सणासाठी ठेवला आहे. बाबा म्हणाले, "यायले देऊन टाक. सगळा दे." आत जाऊन आईनं कोठी आडवी केली, मी दिवा धरला, आणि तिनं आतून हातानं पुसून पुसून तांदूळ काढला, वाळलेला पाला वेचून टाकला, सुपात पाखडला. घरभर वास झाला. त्या गृहस्थांची पिशवी अर्धी भरली. पैशाचं बोलणं बाबांनी होऊ दिलं नाही. पाणी किती घालायचं, हे आईनं त्यांना दोनदा समजावून सांगितलं. साइटवर लिहिलेलं होतं, पण ते त्यांनी वाचलेलं नव्हतं. बाबा त्यांना बसस्टँडपर्यंत सोडायला गेले, पिशवी स्वतः धरून. बस दिसेपर्यंत थांबले असणार, कारण परत यायला वेळ लागला.

आम्ही जेवायला बसलो तेव्हा पानात रोजचा जाडा तांदूळ होता. त्याच आठवड्यात नागपूरच्या माणसाचा मेल आला होता की नावाची मुदत संपत आली, पुन्हा घ्यायचं तर कळवा. तो कागद माझ्याकडेच होता, दोन दिवस विचारू विचारू करत होते. तेव्हा विचारलं. बाबांनी भातात वरण घेतलं, कालवलं.

"नाही घेतलं तर काय होते?"

मी म्हटलं, काही दिवस तसंच पडून राहील, मग मोकळं होईल. कोणीही घेऊ शकेल.

"घेऊ दे," बाबा म्हणाले. "ज्याच्यापाशी तांदूळ असन त्यानं घ्यावं ते नाव."

आणि मग त्यांनी आणखी थोडा भात मागून घेतला. तो आईनं वाढला.